रक्तपेढीसारखं

"बाई, आमच्या मालकाचं रगत कुणाला चढवलं, तेवढं बघून सांगा बरं."

काउंटरच्या काचेला कपाळ टेकवून म्हातारी विचारत होती. कपाळावरची विभूती काचेला लागली होती. काउंटरवर बसणारी पुनम नवीन पोरगी. ती बिचारी तिसऱ्यांदा सांगत होती, "आजी, ही रक्तपेढी नाही. रक्तपेढी तिकडं, मोठ्या दवाखान्यात."

"हीच हाय," म्हातारी म्हणाली. "ह्ये बघ की कारड. धम्मप्रिया बाईनं सोताच्या हातानं दिल्तं."

मी मागच्या खोलीतून येत होते. स्वतःचं नाव ऐकलं आणि दारातच थबकले. कार्ड मी लांबूनच ओळखलं. पिवळं, देव्हाऱ्यातल्या धुरानं कडा काळ्या झालेलं, वर हळदीचं बोट ओढलेलं. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: के-४१७.

लक्ष्मम्मा. किल्लारीच्या महादेवप्पांची बायको. मला बघून तिचं तोंड असं फुललं की मागच्या मागे पळून जावंसं वाटलं.

"आलीस का माय! ही पोरगी मला हाकलायलीच." तिनं काचेखालून हात घालून माझी बोटं धरली. "मालक गेले की गं. वरीस होतंय आता. पुढच्या आयतवारी पुण्यस्मरण हाय. मठातले स्वामी जेवतील, भावकी जेवंल. पर मी सगळ्यांला सांगून ठिवलंय, पयल्या पाटावर त्योच बसंल."

"कोण?"

"ज्याच्या अंगात मालकाचं रगत हाय त्यो. मंग कोण? बाई असंल तर बाई, लेकरू असंल तर लेकरू. मला निस्तं तोंड बघायचंय त्याचं. जित्या अंगात थोडे का होईना, मालक हाईतच ना अजून?"

पुनम माझ्याकडं बघायला लागली.

"बघते, अव्वा," मी म्हणाले.

आता ‘बघते’ म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. पण म्हातारीनं ते ‘हो’ धरलं. पिशवीतून धपाट्यांची पुरचुंडी काढून माझ्या हातात कोंबली, पत्ता दोनदा सांगितला आणि औशाची गाडी गाठायला निघून गेली.

आमचं केंद्र काय करतं ते इथं सरळ सांगते, कारण जिथं सांगायला पाहिजे होतं तिथं सांगितलं नाही. लातुरात आमची दोन मजल्यांची भाड्याची इमारत आहे. साखरेच्या आजारावर अभ्यास चालतो. आम्ही गावोगाव जाऊन रक्त घ्यायचं, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत भरायचं आणि उणे ऐंशी अंशावर गोठवून ठेवायचं. वर्षानुवर्षं. कुणी संशोधक मागणी करतो, मग त्यातल्या नळ्या त्याला जातात. कधी देशात, कधी बाहेर. आज ना उद्या त्यातून काही शोध लागेल, औषध निघेल. ते औषध किल्लारीच्या दुकानात कधी येईल, हे मात्र कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. लातूरकरांना नळाचं पाणी आठ-आठ दिवस बघायला मिळत नाही, पण आमच्या फ्रीजरची वीज एक मिनिट जाऊ देत नाहीत. दोन जनरेटर आहेत त्याला.

मी मूळची नांदेडची. नर्सिंग केलं, भोकरला एका खासगी दवाखान्यात चार वर्षं घासली, मग ही कंत्राटी नोकरी लागली. काम असं: गावात जायचं, लोकांना समजावायचं, अकरा पानी संमतीपत्रावर सही नाहीतर अंगठा घ्यायचा, मग सुई. रोजची चाळीस माणसं झालीच पाहिजेत.

त्या संमतीपत्राचं मराठी कुणी केलं होतं कुणास ठाऊक. त्यात आमच्या फ्रीजरला ‘जैव-नमुना संग्रहालय’ म्हटलं होतं. तीन वर्षांपूर्वी किल्लारीच्या समाजमंदिरात मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, तर माणिकप्पा नावाचे एक म्हातारे उठून उभे राहिले. "संग्रालय? म्हंजे औरंगाबादला हाय तसलं? आमचं रगत काचंत मांडणार? तिकीट किती लावणार वो?"

समाजमंदिर हसून लोळायला आलं. मला राग आला, हसूही आलं. सकाळपासून तिघांनीच हात पुढं केला होता. मी म्हणाले, "तसलं नव्हे हो काका. रक्तपेढीसारखं असतं ते."

बस. ‘रक्तपेढी’ म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या माना हलल्या. भूकंप बघितलेलं गाव ते. घराघरात कुणी ना कुणी दुसऱ्याच्या रक्तावर वाचलेलं. बाह्या आपोआप वर जायला लागल्या.

पहिल्या दिवशी मी ‘रक्तपेढीसारखं’ म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यातलं ‘सारखं’ गळालं. कुठं गळालं तेसुद्धा आठवतं. ऊन डोक्यावर आलं होतं, पेटीतला बर्फ पाणी होत होता आणि एका बाईचं पोर किंचाळून रडत होतं. तिनं विचारलं, "कुठं जातंय म्हणलं वो ह्ये?" मी म्हणाले, "रक्तपेढीत." तिनं अंगठा उठवला. पुढची बाई आली. तिलाही तेच सांगितलं. मग तेच सांगत गेले, कारण ते पटकन होत होतं.

महादेवप्पा त्याच दिवशीच्या संध्याकाळचे. त्यांच्या घरी मी स्वतः गेले, कारण त्यांचा गुडघा धरला होता. भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेलं घर, पुढं पत्र्याची पडवी. मी नाव सांगितलं. माझं नाव सांगितलं की गावात पुढचं आपोआप कळतं. चहा आला तो कागदी कपात. आत बाकीच्यांच्या कपबशा वाजत होत्या. मला त्याची सवय आहे.

महादेवप्पांनी तो कप बघितला आणि आत हाक मारली, "लक्ष्मे, कपबशीत आण. आन् पोरीला आत खुर्चीवर बसीव."

लक्ष्मम्मा कपबशी घेऊन आली. मग ते मला म्हणाले, "राग मानू नको. मी बी लई बघायचो ह्ये आधी. पर भूकंपात दीड दिवस मातीखाली होतो. मिलिटरीनं काढलं. सोलापुरात नेऊन दोन बाटल्या रगत चढवलं. कुणाचं? ठाव न्हाई. कुन्या जातीचं, बाईचं का गड्याचं, काहीच ठाव न्हाई. माझ्याच अंगात कोण कोण हाय मला ठाव न्हाई, मी दुसऱ्याला काय इचारू?"

"खरं आहे काका."

"लई मनात होतं, ते परत करावं. तीनदा शिबिराला गेलो. एकदा वजन कमी म्हणले, मंग साखर निघाली. ‘तुमचं रगत चालत न्हाई आजोबा’ म्हणून बिस्कुटाचा पुडा हातात दिला आन् धाडून दिलं. लाज वाटली बघ, पुडा घेऊन घरी येताना." मग त्यांनी बाही वर सारली. "तुमच्या पेढीत माझं चालतंय?"

तिथं थांबायला पाहिजे होतं. हे माणूस दुसऱ्याच गोष्टीला बाही सारतंय हे मला कळलं होतं. न कळायला मी काय दुधखुळी होते? पण ते एकोणचाळिसावे होते. शिवाय आम्हाला साखरवालेच पाहिजे होते.

"चालतंय की काका," मी म्हणाले. "तुमचंच पाहिजे."

त्यांच्या तोंडावर काय आनंद दिसला! "कुणाला चढवणार?"

"गरज लागेल त्याला."

हे माझं वाक्य. ते कुठल्याच कागदावर नव्हतं. ते माझं मी केलं.

मी दोन छोट्या नळ्या भरल्या, तर म्हणाले, "एवढंच? अजून घे की. लाजू नको." निघताना त्यांनी कार्ड कपाळाला लावलं आणि बायकोकडं दिलं. ते कुठं ठेवलं असेल, ते काउंटरवर बघितलंच की.

म्हातारी गेल्यावर मी धपाट्यांची पुरचुंडी घेऊन मल्लिनाथ सरांकडं गेले. नमुन्यांचा सगळा साठा त्यांच्या ताब्यात असतो. माणूस वाईट नाही. आमच्या पगाराला उशीर झाला की स्वतः भांडायला जातो. मी सगळं सांगितलं. त्यांनी संगणकावर नंबर टाकला.

"के-४१७. दोन नळ्यांच्या चार केल्या होत्या. दोन इथं आहेत, दोन मागच्या वर्षी बाहेर गेल्या. करारानुसार."

"परत घेता येतील?"

"गेलेल्या? विसरा. इथल्या दोन काढता येतात, पण त्यासाठी अर्जावर देणाऱ्याची स्वतःची सही लागते."

"देणारा वारला सर."

"मग नाहीच. वारसाला हक्क नाही, नियमात तशी तरतूदच नाही." त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, कशाला डोक्याला ताप करून घेता? सांगून टाका ना, एका लेकराला दिलं म्हणून. म्हातारी सुखानं राहील. कुणाचं काय बिघडतं?"

खरं सांगायचं तर मला ते पटलंच. संध्याकाळी फ्रीजरचं दार उघडून तो खण बघितला. दोन नळ्या होत्या, बर्फाचा पांढरा थर चढलेल्या. अंगठ्यानं थर पुसला, नंबर वाचला आणि भोंगा वाजायच्या आत दार लावलं.

रविवारी औशाहून जीपमध्ये बसले. किल्लारी येईपर्यंत मी एक छान बाई तयार केली. उमरग्याकडची. बाळंतपणात रक्त गेलेलं, मरता मरता वाचलेली. आता नवऱ्याबरोबर पुण्याला असते, सुट्टी मिळाली नाही, पण अव्वाला नमस्कार सांगितलाय. दामिनी असं नावसुद्धा ठेवलं. मला स्वतःलाच ती खरी वाटायला लागली होती.

घरापुढं मांडव होता. स्वामींची पूजा होऊन गेली होती. पंगत बसली होती, वाढपी पत्रावळ्या मांडत होते, मोठ्या पातेल्यात गव्हाची हुग्गी शिजून तिचा गोड वास सुटला होता. पंगतीच्या टोकाला एक पाट रिकामा होता. त्याच्याभोवती रांगोळी काढलेली. बाकीच्यांना पत्रावळी, त्या पाटापुढं पितळेचं ताट.

लक्ष्मम्मा लगबगीनं पुढं आली आणि माझ्या खांद्यावरून मागं बघायला लागली. जीप निघून गेली होती. रस्ता मोकळा होता.

"कुठं हाय?"

"अव्वा, जरा मागं चला."

परसात चुलीपाशी आम्ही उभ्या राहिलो. मी सुरू केलं. "एक बाई आहे, अव्वा. उमरग्याकडची..."

"बाई?" तिचे डोळे भरले. "लेकुरवाळी हाय?"

"हो."

"पोरगं का पोरगी?"

"पोरगी."

"म्हंजे पोरीत बी उतरलं की मालकाचं रगत!" असं म्हणून त्या म्हातारीनं हात जोडले. कुणाला? मला. माझ्यापुढं वाकायलाच निघाली होती.

तिथं माझी जीभ अडली. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "कुणी नाही हो अव्वा. कुणीसुद्धा नाही. कुणालाच चढवलं नाही. ती रक्तपेढी नव्हतीच. रक्त तपासायला, शिकायला ठेवतात. फ्रीजमध्ये आहे अजून. मी तुम्हाला खोटं सांगितलं. काकांना पण."

चुलीतलं लाकूड बाहेर आलं होतं, ते तिनं पायानं आत सारलं.

"म्हंजे थंडच पडलंय? कुणाच्याच अंगात न्हाई?"

"नाही."

"समदं?"

"अर्धं. अर्धं परदेशात गेलंय."

"परदेशात!" ती म्हणाली. "सोलापूरच्या पल्याड कधी गेले न्हाईत मालक." मग हळूहळू तिचा आवाज बदलला. "भूकंपात माझं तीन वरसाचं लेकरू गेलं बाई. समद्यांसंगं जाळलं त्याला. आमच्यात जाळत न्हाईत गं, मातीला देत्यात. पर खड्डा खांदायला माणूस व्हता कुठं? म्हणून मालकाला मी पुरा मातीला दिला. नख बी मागं ठिवलं न्हाई म्हणून अभिमान धरून होते मी. आन् तू आता म्हणतीस, मागं ऱ्हायलं." ती जवळ आली. "आणून दे मला. जेवढं हाय तेवढं दे. मालकाशेजारी पुरते."

"देता येत नाही अव्वा. नियम आहे. सही लागते."

"कुठं करू? अंगठा चालंल?"

"तुमची नाही. काकांची."

यावर ती हसली. तसलं हसू पुन्हा बघायची वेळ माझ्यावर येऊ नये. "मंग त्यांची सही आणायला मलाच जावं लागंल," म्हणाली.

मांडवातून कुणीतरी ओरडलं, "अव्वा, आले का ते? हुग्गी थंड व्हायली!"

लक्ष्मम्मा दचकली. मला कळलं ती कशाला दचकली ते. साऱ्या गावाला सांगून बसली होती ती. महिनाभर सांगत होती.

"मी सांगते सगळ्यांना," मी म्हणाले. "जे झालं ते खरं खरं सांगते. माझी चूक आहे, मी..."

"तू गप," ती म्हणाली. "तू लई सांगितलंस आजवर."

हौदावर जाऊन तिनं तोंड धुतलं, पदरानं पुसलं. आतून विभूतीची वडी आणली, कपाळाला तीन बोटं ओढली. मग तीच तीन बोटं माझ्या कपाळावर ओढली. आमच्याकडं विभूती लावत नाहीत. पण मी हललेसुद्धा नाही. माझं मनगट धरून ती मला मांडवात घेऊन गेली. पंगतीतल्या माना वळल्या.

"हीच ती," लक्ष्मम्मा मोठ्यानं म्हणाली. "दवाखान्यातली बाई. हिलाच चढवलं मालकाचं रगत. लाजून सांगत नव्हती आजवर. बस गं पाटावर."

मी बसले. काय करणार होते? पितळेच्या ताटात तिनं स्वतः वाढलं. हुग्गी, वर तुपाची धार, भाजी, भाकरी, शेंगाची चटणी. बायका वाकून वाकून बघत होत्या. एकीनं माझ्या गालाला हात लावून बोटं मोडली. कुणी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माणिकप्पा, तेच संग्रहालयवाले, काठी टेकत आले आणि माझा हात आपल्या हातात घेऊन मनगटावरच्या निळ्या शिरेकडं टक लावून बघत राहिले.

"महादेवप्पा," ते त्या शिरेला म्हणाले. "बरा हाईस ना गड्या?"

हात थरथरत होता, तो त्यांना कळला. "अजून पुरतं मुरलं न्हाई वो रगत," ते पंगतीला म्हणाले आणि सगळे हसले. लक्ष्मम्माही हसली. माझ्याकडं मात्र तिनं एकदाही बघितलं नाही. ताटातलं संपलं की वाढायची. नको म्हणायची सोय नव्हती. मी सगळं खाल्लं.

निघताना ती जीपपर्यंत आली. कार्ड माझ्या हातावर ठेवलं.

"अव्वा, हे तुमचं आहे. राहू द्या देव्हाऱ्यात."

"आता कशाला?" ती म्हणाली. आता ती माझ्याकडं बघत होती, सरळ. "दरसाल यायचं. मी असू नसू. न्हाई आलीस तर लोक इचारतील."

"येईन."

"मालकाच्या वरसादिवशी खोटं बोलले मी. स्वामींच्या म्होरं. जलमात बोलले नव्हते." तिनं पदर सावरला. "तुझ्यापायी न्हाई. मालकानं दिलेलं वाया गेलं म्हणून कुणी म्हणू नये, त्याच्यापायी."

ती वळून मांडवाकडं गेली. पाठीत थोडी वाकली होती. काउंटरवर आली तेव्हा तशी दिसली नव्हती.

जीपमध्ये शेजारच्या बाईनं माझ्या कपाळाकडं बघितलं. "पुण्यस्मरणाला गेल्ता जणू?"

"हो."

"कोण लागायचे तुमचे?"

महादेवप्पा असं म्हणायचं होतं मला. पण जिभेवर आलं ते ‘के-४१७’. तीन वर्षं मी त्यांना त्याच नावानं ओळखत होते. ते गिळलं आणि बाहेर बघत राहिले. मुठीतल्या कार्डावरची हळद घामानं बोटांना लागली होती. औसा आलं, लातूर आलं. कपाळावरची विभूती मी पुसली नाही.